माडावर पंधराव्या मिनिटाला गुदमरणारी छोटी चेनसॉ: सायलेन्सर उघडल्यानंतर परत परत येणारा दोष

वरच्या मुठीची, २५ ते ३५ सीसीची छोटी चेनसॉ जमिनीवर दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला सुरू होते, आंब्याच्या ओंडक्यात तक्रार न करता उतरते, आणि दोराने वर ओढून घेतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे वेगाचा खटका पूर्ण दाबल्यावर, गुदमरू लागते. आधी तिचा आवाज बारीक आणि तीक्ष्ण होतो, मग फांदीत थोडा दाब देताच ती बसते, आणि एकदा बंद पडली की खांदा दुखेपर्यंत दोरी ओढूनही सुरू होत नाही. खाली उतरवून अर्धा तास सावलीत ठेवली की मात्र काही घडलेच नाही अशा थाटात ती पुन्हा चालू लागते, आणि दुरुस्तीच्या दुकानात पोहोचेपर्यंत दोषाचा मागमूसही उरत नाही. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या आमच्या कुळागरासाठी (सुपारी-नारळाच्या बागेसाठी) घेतलेल्या अशाच एका करवतीने मला दोन पावसाळे छळले. त्यानंतर शेजारच्या वाड्यांवरून आलेल्या करवतींतही मला हाच दोष इतक्यांदा दिसला की त्याचा माग काढण्याचा क्रम एकदा नीट लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले.

अशा बहुतेक करवतींमध्ये एक गोष्ट समान होती. ताकद वाढावी म्हणून कोणीतरी त्यांचा सायलेन्सर उघडून त्याचे भोक मोठे केलेले होते, आणि हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या स्क्रूला मात्र हात लावलेला नव्हता. बाहेर जाणाऱ्या धुराची वाट मोकळी झाली की इंजिन दर फेऱ्याला जास्त हवा ओढते. पेट्रोल मात्र जुन्याच बेताने येत राहते, त्यामुळे मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रण अधिक गरम जळते आणि दोन-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबरच येणारे तेलही त्याच प्रमाणात कमी पडते. पहिल्या दिवशी करवत आश्चर्य वाटावे इतकी जोरात चालते, कारण थोडे पातळ मिश्रण काही काळ खरोखरच जास्त ताकद देते, आणि हीच खरी फसवणूक आहे. माझ्या पहिल्या करवतीचा पिस्टन याच आनंदात ओरखडला. ‘ट्यून करून दिली आहे’ असे सांगून ती मला विकणाऱ्याने पूर्ण वेगावरचे पेट्रोल ठरवणाऱ्या एच स्क्रूवरची प्लास्टिकची टोपीसुद्धा काढलेली नव्हती, हे मला फार उशिरा कळले.

तरीही गुदमरणाऱ्या प्रत्येक करवतीत दोष मिश्रणाचाच असतो असे नाही, आणि थेट स्क्रूड्रायव्हर हातात घेतला तर खरे कारण झाकले जाऊन नवे कारण तयार होते. म्हणून इंजिनाच्या बाहेरून आत जावे.

साखळी आणि माडाचा भुसा

माडाचे लाकूड हे आंबा-फणसाच्या लाकडासारखे नसते. त्याला वार्षिक वलये नसतात. बाहेरच्या कडेला कठीण धाग्यांचे दाट जुडगे आणि मध्यभागी मऊ, ओलसर गाभा अशी त्याची रचना असते, आणि त्यातील सिलिका साखळीची धार लवकर मारते. सकाळी धार लावलेली साखळी दोन-तीन माडांच्या तुकड्यांनंतर भुगा टाकण्याऐवजी पीठ टाकू लागली, तर इंजिन कमकुवत झालेले नसून चालवणारा दाब वाढवून त्याच्याकडून घासण्याचे काम करून घेत असतो. त्यात कापलेला ओंडका चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या बांधावर, टेकवून कापला आणि साखळीचे टोक एकदा जरी जांभ्याला लागले, तर त्या दिवसापुरती साखळी संपली असेच समजावे. कड्यांमधल्या अंतरावरून ओळखल्या जाणाऱ्या पाव इंची आणि तीन-अष्टमांश इंची लो-प्रोफाइल (कमी उंचीच्या) या दोन्ही प्रकारच्या बहुतेक साखळ्यांना ४ मिमीची गोल कानस आणि ३० अंशांचा कोन चालतो, तर दाताच्या पुढची खोली ठरवणारी जिभली ०.६५ मिमीने खाली असावी लागते. मात्र पाव इंचीच्या काही बारीक साखळ्यांना ३.२ मिमीची कानस लागते, त्यामुळे पाकिटावर पाहून घ्यावे. जिभली जास्त घासून साखळी ‘तिखट’ करण्याची पद्धत छोट्या इंजिनाच्या मुळावर येते, कारण दात मोठा घास घेतो आणि तो चावण्याइतका जोर २५ सीसीकडे नसतो.

माडाच्या भुशाचा दुसरा उपद्रव कमी लोकांच्या ध्यानात येतो. त्याचे लांब धागे क्लचच्या झाकणाखाली साखळी फिरवणाऱ्या चक्रीभोवती काथ्यासारखे गुंडाळले जातात आणि साखळीवर सतत ओढ ठेवतात. त्याहून वाईट म्हणजे स्टार्टरच्या बाजूची हवेची जाळी आणि सिलिंडरवरच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या पट्ट्या या धाग्यांनी आणि साखळीच्या तेलाने भरून एक जाड गादी तयार होते. या करवतींची बांधणी आटोपशीर असल्यामुळे सिलिंडर, सायलेन्सर आणि कार्बोरेटर एकमेकांपासून बोट-दोन बोटांवर असतात, आणि थंड हवेचा मार्ग बंद झाला की पंधरा मिनिटांत उष्णता थेट कार्बोरेटरपर्यंत पोहोचते. माझ्याकडे आलेल्या एका करवतीला स्टार्टरचे झाकण काढून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने साफ करण्यापलीकडे काहीच करावे लागले नाही. ती देणाऱ्या पाडेल्याचा, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याचा, मात्र एवढ्याशा कामावर विश्वास बसेना.

टाकीचा श्वास आणि सायलेन्सरची जाळी

करवत दहा-पंधरा मिनिटांनी मरत असेल, तर टाकीच्या हवेच्या झडपेवर पहिला संशय घ्यावा. पेट्रोल संपत जाते तशी टाकीत बाहेरून हवा आत यावी लागते. ती झडप चिकट धुळीने किंवा सुकलेल्या तेलाने बंद झाली, तर टाकीत पोकळी तयार होऊन कार्बोरेटरचा छोटा पंप पेट्रोल ओढू शकत नाही. करवत जमिनीवर चालवून ती गुदमरू लागताच बंद करावी आणि टाकीचे झाकण सावकाश सैल करावे. हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि त्यानंतर ती लगेच नीट चालली, तर दोष सापडला. गरम इंजिनाजवळ टाकी उघडताना पेट्रोल उसळूनही येऊ शकते, त्यामुळे हा प्रयोग झाडावर अजिबात करू नये.

करवत फक्त एका विशिष्ट स्थितीत, म्हणजे टोक खाली किंवा डाव्या कुशीवर धरल्यावरच मरत असेल, तर टाकीतील नळी पाहावी. या करवतीने सर्व दिशांना आडवेतिडवे चालावे म्हणून नळीच्या टोकाला वजनदार फिल्टर असतो आणि तो पेट्रोलच्या मागे मागे फिरतो. इथेनॉलने फुगलेली नळी लांब आणि मऊ होऊन मुडपते, किंवा कडक होऊन फिल्टरला एकाच कोपऱ्यात धरून ठेवते. तिला बारीक चीर गेली असेल, तर ती चीर पेट्रोलच्या वर आल्याबरोबर पंप हवा ओढू लागतो. नळी बदलणे हे स्वस्त काम आहे, आणि तीन वर्षांपूर्वीची नळी मी न तपासताच बदलतो.

सायलेन्सरच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी बारीक जाळी असते. जास्त तेल घातलेले मिश्रण आणि कमी वेगावर रेंगाळणारे काम यांमुळे तीवर काजळी धरते आणि करवत हळूहळू, काही आठवड्यांत, दम गमावते. अनेकजण ही जाळी काढून फेकून देतात आणि ‘ताकद वाढली’ असे सांगतात. वस्तुतः गेलेली ताकदच परत आलेली असते. जाळी काढून ज्योतीवर तापवली की काजळी जळून जाते, आणि ती परत बसवावी. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर लागलेल्या वणव्यांनंतर सुक्या पाचोळ्यात जाळीशिवाय करवत चालवण्याचे समर्थन निदान गोव्यात तरी कोणी करू नये.

पेट्रोल बदलले आहे, स्क्रू मात्र जुनेच आहेत

हा दोष अलीकडे जास्त का दिसतो याचे उत्तर मला पंपावर मिळाले. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून काही पंपांवर मिळू लागले आणि २०२५ पर्यंत तेच सर्वत्र झाले. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने एका भागाला १४.७ भाग हवा लागते. २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ भाग पुरते, कारण इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. म्हणजेच तेवढ्याच हवेसाठी नऊ टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन द्यावे लागते. गाडीतला संगणक हा फरक भरून काढतो, पण डायफ्रॅमच्या (लवचीक पडद्यावर चालणाऱ्या) कार्बोरेटरला तो समजत नाही. जुन्या पेट्रोलवर बरोबर बसवलेली करवत नव्या पेट्रोलवर आपोआप पातळ चालते, आणि त्यावर सायलेन्सर उघडला तर पातळपणाची दुहेरी भर पडते. हवामानाला दोष देणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात डिसेंबरच्या पहाटेची थंड हवा आणि मेच्या दुपारची गरम हवा यांच्या घनतेमुळे मिश्रणात पडणारा फरक या नऊ टक्क्यांहून बराच लहान असतो. बहुतेक करवतींच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे लिहिलेले असते, हेही लक्षात ठेवावे.

पंपावरचे पेट्रोल नेमके कसे आहे हे घरीच पाहता येते. काचेच्या मोजपात्रात १० मिली पाणी आणि ९० मिली पेट्रोल घालून हलवावे आणि थोडा वेळ स्थिर ठेवावे. इथेनॉल पाण्यात उतरते आणि खालचा थर वाढतो. तो २८ मिलीच्या आसपास गेला, तर १८ मिली इथेनॉल होते, म्हणजेच २० टक्के. याच रीतीने पाणी घालून इथेनॉल काढून टाकावे आणि वरचे पेट्रोल करवतीत घालावे, असा सल्ला काहीजण देतात; त्याने ऑक्टेन घसरते, पाण्याचा अंश मागे राहतो आणि पेट्रोलची भांडी स्वयंपाकघराजवळ हाताळली जातात, म्हणून मी तो मार्ग घेत नाही. मी एका वेळी आठ-दहा दिवसांत संपेल इतकेच मिश्रण करतो. आमच्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत अर्धवट भरलेल्या कॅनमधले इथेनॉल पाणी शोषून घेते, आणि प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो, ज्यात तेल नसते. टाकीतला फिल्टर नेमका तळाशी असतो.

तेलाविषयी एक गैरसमज वारंवार भेटतो. चांगल्या दोन-स्ट्रोक तेलाला १:५० प्रमाण, म्हणजे ५ लिटरला १०० मिली, पुरते. स्वस्त करवतींबरोबर येणाऱ्या कागदावर अनेकदा १:२५ लिहिलेले असते. इंजिन वाचावे म्हणून याहूनही जास्त तेल ओतले, तर तितक्याच घनफळात पेट्रोल कमी जाते आणि हवेच्या हिशेबाने मिश्रण उलट पातळ होते. पुस्तिकेतले प्रमाण पाळावे आणि त्यावरच स्क्रू बसवावेत.

सायलेन्सर उघडायचाच असेल तर

वरचे सर्व तपासून झाल्यावर, सायलेन्सर काढलेलाच असेल तर त्या वाटेने पिस्टनकडे पाहावे. पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला उभे ओरखडे असतील, तर ती उष्णतेची आणि पातळ मिश्रणाची खूण आहे. कार्बोरेटरकडच्या बाजूला असतील, तर धूळ आत गेली आहे आणि एअर फिल्टर संशयित आहे. खोल ओरखडे असलेल्या इंजिनात पुढची कोणतीही सुधारणा फुकट जाते.

भोकाचा आकार अंदाजाने ठरवू नये. सिलिंडरमधून धूर बाहेर जाणाऱ्या तोंडाची लांबी-रुंदी मोजून क्षेत्रफळ काढावे आणि सायलेन्सरच्या सर्व भोकांचे एकूण क्षेत्रफळ त्याच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये. समजा मूळ भोक ८ मिमी व्यासाचे आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस मिमी होते, आणि ७ मिमीचे आणखी एक भोक पाडल्यास ३८ ची भर पडते. माझ्या मते २५ सीसीच्या करवतीत एवढे पुरेसे आहे. त्यापुढे फक्त आवाज वाढतो. नवे भोक कुठे उघडते याकडे अधिक लक्ष द्यावे. झाडावर असताना ही करवत छातीजवळ आणि दोराजवळ असते. नायलॉनचा दोर प्रकारानुसार २२० ते २६० अंश सेल्सिअसला आणि पॉलिएस्टरचा साधारण २६० अंशांच्या आसपास वितळतो, आणि धुराचा झोत त्याहून पुष्कळ गरम असतो. झोत पुढे आणि बाहेरच्या बाजूला वळवणारी पत्री लावल्याशिवाय अशी करवत दोरावर चढवू नये.

त्यानंतरच स्क्रू. एअर फिल्टर स्वच्छ, साखळी धारदार, टाकी भरलेली आणि इंजिन पाच मिनिटे गरम केलेले असावे. आधी कमी वेगावरचे पेट्रोल ठरवणारा एल स्क्रू फिरवत आयडलचा, म्हणजे थ्रॉटल न दाबता चालण्याचा, सर्वांत वरचा वेग शोधावा आणि तिथून तो थोडा उघडावा, म्हणजे थ्रॉटल दाबताच इंजिन न अडखळता उचलते; मग आयडलचा स्क्रू असा लावावा की साखळी पूर्ण थांबेल. एच स्क्रूसाठी पूर्ण थ्रॉटल दोन-तीन सेकंदच द्यावा. बरोबर बसलेली करवत रिकामी असताना किंचित घरघरते, आणि पंधरा सेंटिमीटरच्या ओंडक्यात उतरवताच ती घरघर जाऊन स्वच्छ सूर लागतो. रिकामी असतानाच सूर शिट्टीसारखा स्वच्छ असेल, तर मिश्रण पातळ आहे, आणि एच एक-अष्टमांश फेरा उघडावा. ओंडक्यातही घरघर राहिली, तर तेवढाच बंद करावा. सायलेन्सर उघडल्यानंतर आणि नव्या पेट्रोलवर मला बहुधा पूर्वीपेक्षा पाव फेऱ्याच्या आसपास उघडावे लागले आहे, परंतु हा आकडा उचलून वापरू नये, कारण एकाच प्रकारच्या दोन करवतींतही स्क्रूचा बेत वेगळा असतो. काही करवतींच्या ठिणगी पाडणाऱ्या कॉइलमध्ये वेगाची मर्यादा असते; तिथे ठिणगी तोडल्यामुळे येणारा आवाज घरघरीसारखाच असतो आणि कान फसतो, तेव्हा इंजिनाचे फेरे मोजणारा टॅकोमीटर वापरून पुस्तिकेतील कमाल वेगाच्या खालीच राहावे. स्टिलची एमएस २०१ टीसी-एम किंवा हस्कवर्नाची टी५४० एक्सपी यांसारख्या करवतींत मिश्रण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आपोआप सांभाळले जाते आणि फिरवायला स्क्रूच नसतात.

स्क्रू बरोबर लावूनही आयडल वर-खाली होत असेल, थ्रॉटल सोडल्यावर वेग उतरायला वेळ लागत असेल किंवा करवत कलवल्यावर सूर बदलत असेल, तर कुठूनतरी हवा आत येते आहे: कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधली रबरी बूट किंवा गॅस्केट, अथवा क्रँकच्या दांड्याभोवतीचे सील. एच उघडत जाऊन ही गळती झाकता येते, आणि नेमके तसे केले की करवत गरम झाल्यावर गुदमरणे परत येते. इंजिनाची तोंडे बंद करून अर्ध्या बारचा दाब आणि मग तेवढीच पोकळी देऊन सुई स्थिर राहते का हे पाहणे, हाच एकमेव भरवशाचा उपाय आहे. कार्बोरेटर उघडलाच असेल, तर डायफ्रॅम बोटाने हलवून पाहावा. तो पापडासारखा कडकडत असेल, तर किट बदलावी. कार्बोरेटरखालचा उष्णता अडवणारा जाड ठोकळा कोणी काढून टाकलेला नाही ना, हेही पाहावे, कारण तो नसेल तर गरम करवतीत पेट्रोल कार्बोरेटरमध्येच उकळते. बंद करण्याआधी अर्धा मिनिट आयडलवर चालू ठेवणे आणि तापलेल्या चिऱ्यावर न ठेवणे, एवढ्याने गरम असताना सुरू न होण्याच्या निम्म्या तक्रारी मिटतात.

बाकीच्या ‘सुधारणां’बद्दल थोडक्यात सांगतो. सिलिंडरखालचे गॅस्केट काढून कॉम्प्रेशन वाढवणे, फ्लायव्हीलची चावी घासून ठिणगी आधी पाडणे आणि पोर्ट (सिलिंडरची हवा-धुराची तोंडे) रुंद करणे या तिन्ही गोष्टी पंचवीस सीसीत मिळणाऱ्या लाभाच्या मानाने फार धोक्याच्या आहेत. पातळ मुलामा दिलेल्या स्वस्त सिलिंडरची कड घासली की मुलामा पापुद्र्यासारखा सुटतो. त्याऐवजी मी साखळी जिच्यावरून फिरते ती पट्टी ३० वरून २५ सेंटिमीटरवर आणतो आणि तीन-अष्टमांश साखळीऐवजी पाव इंची बारीक साखळी, तिच्या आठ दातांच्या चक्रीसह, लावतो. सहा दातांची तीन-अष्टमांश चक्री एका फेऱ्याला साखळी सुमारे ११२ मिमी पुढे नेते, आठ दातांची पाव इंची १०२ मिमी; साखळीचा वेग थोडा उतरतो, खाच अरुंद होते आणि इंजिन फांदीत बसत नाही. पट्टी, चक्री आणि साखळी तिन्ही एकत्रच बदलावी लागतात, आणि साखळीच्या ब्रेकच्या झाकणात काहीही कापू नये. करवत दोन्ही हातांनीच धरायची आहे. वरची मूठ एका हाताने चालवण्यासाठी दिलेली नाही.

सर्व बसल्यावर एच आणि एल दोन्ही स्क्रूंच्या खाचेवर आणि बाजूच्या कडेवर नखपॉलिशची बारीक रेघ मारून, किती फेरे उघडे आहेत हे तारखेसह आणि पेट्रोलच्या प्रकारासह एअर फिल्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावे. पुढच्या मे महिन्यात पावसाआधी फांद्या उतरवण्याची धांदल सुरू झाली आणि करवत पुन्हा गुदमरली, तर ती रेघ जागची हलली आहे की नाही हे झाकण काढताच दिसते, आणि हलली नसेल तर स्क्रूला हात न लावता शोध पुन्हा भुशापासून आणि टाकीच्या झडपेपासून सुरू करता येतो.